पदर कुठल्या खांद्यावर?

फोटो काचेसकट आला. फ्रेम केव्हाच मोडलेली, मागचा पुठ्ठा गळून गेलेला, पण फोटो काचेला असा चिकटलेला की नखानं कोपरा उचलायचीही भीती वाटावी. "2019 चं पाणी," घेऊन आलेला नातू एवढंच म्हणाला. सांगलीत तेवढं पुरतं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 ची. त्यांचं घर गावभागात. मगांवर फोटो छापायचं माझं दुकान विश्रामबागला, म्हणून माझ्या मशिनी वाचल्या.

आजीला 80 वर्षं 8 महिने पुरे झालेले, रविवारी सहस्रचंद्रदर्शन, जेवायला येणाऱ्या प्रत्येक घराला एक मग द्यायचा. 36 मग, म्हणजे नेमका एक बॉक्स. फोटोत आजी आणि आजोबा, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली.

"खाली काय लिहू?"

"काहीच नको, ताई. नुसता फोटो."

आधी मुलासुनांची नावं टाकायची ठरली होती म्हणे. मग पहिलं नाव कुणाचं यावरून घरात दोन दिवस अबोला, म्हणून नावंच रद्द. मला बरंच वाटलं. मराठी टाइप करा, जोडाक्षरं तुटली का बघा, अक्षरांचे कर्व्ह म्हणजे आकार करा, तेवढं वाचलं.

नातवानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला होता, त्यात त्याचा अंगठा आणि घरातली ट्यूबलाइट दोन्ही होते. स्कॅनरवर काचेसकट ठेवला तर धूसर आला; माझ्या स्कॅनरला अगदी टेकलेलंच नीट दिसतं, मधे काच आली की संपलं. शेवटी दुपारी शटरच्या आतल्या सावलीत फोटो भिंतीला टेकवला, माझ्या पाठीमागं काळी चादर धरून दुकानातल्या पोराला उभं केलं, म्हणजे काचेत आमचीच तोंडं दिसायला नकोत, आणि समोरून सरळ कॅमेऱ्यानं काढला. छान आला.

मगावर छपाई साधारण 20 सेंटिमीटर रुंद आणि 9 उंच बसते. 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 2,362 बाय 1,063 पिक्सेल. तेवढे हातात होते, त्यामुळं ओढाताण नव्हती. खरं काम पुढंच. ही सब्लिमेशनची छपाई, आधी कागदावर छापायचं आणि मग उष्णतेनं मगावर उतरवायचं; हिच्यात पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे मगाचं कोरं अंग. फोटोत मागं स्टुडिओचा करडा पडदा होता. तो तसाच ठेवला असता तर पांढऱ्या मगावर चौकोनी ठिगळ लावल्यासारखं दिसलं असतं. म्हणून पडदा कडेकडेनं विरवत पूर्ण पांढऱ्यापर्यंत नेला. आणि काळा-पांढरा फोटो म्हणजे तर या शाईची परीक्षा. करडा रंग तीन-चार शाया मिळून बनतो, त्यातली एखादी वरचढ झाली की माणसं हिरवट दिसतात, कावीळ झाल्यासारखी. त्यापेक्षा मी सरळ तपकिरी छटा देते. जुना फोटो, कुणी भांडत नाही. सावल्याही जरा उजळ ठेवते, कारण उष्णता लागली की काळं आणखी काळं होतं आणि आजोबांचा कोट नुसता डांबराचा गोळा दिसला असता.

सगळ्यात वेळ खाल्ला तो आजीच्या पदरानं. पुराच्या पाण्याची पिवळट रेघ बरोबर खांद्यावरून गेली होती आणि काठावरची नक्षी वीतभर पुसली होती. जिथं शिल्लक होती तिथून उचलून, वाकवून, चुण्यांप्रमाणं जोडत बसले. दोन तास. तो पदर मला तोंडपाठ झाला होता म्हणा ना.

मग शेवटी मिरर मारला. कागद मगाला तोंड लावून गुंडाळायचा असतो, म्हणून फाइल उलटी छापायची, की मगावर सुलटी उतरते. हे या धंद्यातलं बाळबोध गणित. पण सकाळी पोरानं एका शाळेच्या टाइल्स थेट पीडीएफवरून काढल्या होत्या आणि त्यासाठी प्रिंटरच्या सेटिंगमधे 'मिरर इमेज'वर टिक केली होती. ती तशीच राहिली. मी फाइल उलटी केली, प्रिंटरनं उलट्याचं पुन्हा उलटं केलं.

कागद बाहेर आला. सब्लिमेशनचा कागद दिसायला नेहमीच मरगळलेला असतो, रंग फिके, काळं मातकट. नवीन गिऱ्हाइकाला तो दाखवूच नये. तरी मला बघून बरं वाटलं. आजोबा डावीकडं, आजी उजवीकडं, दोन दिवस स्क्रीनवर बघत होते तसेच. तिथंच पोटात गोळा यायला हवा होता. कागदावर ओळखीचं दिसतंय म्हणजे चुकलंय! खाली 'सहस्रचंद्रदर्शन' असतं आणि ते सरळ वाचता आलं असतं, तर मी जागच्या जागी ओरडले असते. चेहरा काही वाचता येत नाही.

कागदाला टेप लावायची, मग तापवायच्या प्रेसमधे घालायचा, माझ्या मशिनवर 180 अंश आणि 3 मिनिटं. या शाईचं पाणी होत नाही, थेट वाफ होते आणि मगावरच्या पॉलिस्टरच्या थरात शिरून बसते. म्हणून घासून जात नाही, आणि म्हणूनच चूक झाली तर पुसताही येत नाही. पहिला मग नातवाला दाखवला. "एक नंबर, ताई!" उरलेले 35 त्या आनंदात काढले.

शनिवारी संध्याकाळी बॉक्स घेऊन मीच गावभागात गेले. आजी झोपाळ्यावर बसून वाती वळत होत्या. सुनेनं मग हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ घेतला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"ह्यांचा खिसा उजवीकडं कसा गेला गं?"

मला काहीच कळेना. आजोबांच्या कोटाच्या खिशाला पेन लावलेलं होतं, एवढंच आठवत होतं. आजींनी मग स्वतःच्या डाव्या खांद्यावरचा पदर चिमटीत धरून माझ्यासमोर नाचवला. "आणि मी गुजरातीण कधी झाले?"

घरात हशा पिकला. मी मात्र घामानं भिजले. मोबाइलवर मूळ फोटो काढला, मगाशेजारी धरला. नातवानं बघितलं, सुनेनं बघितलं. बाई असून, त्या पदरावर दोन तास घालवून, मला दिसलं नव्हतं.

"राहू दे," आजी म्हणाल्या. "पोरांना कुठं कळतंय." वात वळून झाली, ताम्हनात ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी ह्यांच्या डाव्या हाताला बसले होते पण."

त्यानंतर 'राहू दे' कसं करणार?

दुकानात 11 कोरे मग होते. उरलेले 25 मिरजेतल्या एका ओळखीच्या व्यावसायिकाकडून आणले. त्यानं दुकान बंद करून शटर ओढलं होतं, माझ्यासाठी परत उघडलं, दरही जास्त लावला नाही. टिक काढली. कागद बाहेर आला तेव्हा आजोबा उजवीकडं होते आणि मला ते अनोळखी वाटले, तेव्हा कुठं जिवात जीव आला. एका प्रेसवर 36 मग म्हणजे टेप लावण्या-सोडवण्यासकट तीन तास. मधे अर्धा तास लाईट गेली आणि प्रेस थंड झाली, तो वेळ वेगळा. दीड वाजता शेवटचा मग काढला. पैसे अर्थातच एकाच बॉक्सचे घेतले.

रविवारी दुपारी नातू पुरणपोळीचा डबा घेऊन आला आणि चुकलेल्यांतला एक मग मागून घेऊन गेला. आजींना 'तो गुजराती' हवा होता. रोजचा चहा त्याच्यात पितात म्हणे, चांगला मग पाहुण्यांसाठी. उरलेले 35 माळ्यावर आहेत, एकात मी कात्र्या ठेवते.

आता माझ्या प्रत्येक फाइलमधे, गिऱ्हाइकानं काही लिहायला सांगो न सांगो, कापून जाणाऱ्या कडेला एक बारीक 'श्री' असते. कागद बाहेर आला की पोरगा आधी 'श्री' शोधतो. वाचता आली तर कागद फाडायचा.