बायोडेटात युनियन लिहायची का?

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड. औद्योगिक पट्टा कुठलाही असो, दहा-बारा वर्षं एका कंपनीत काढून, युनियनच्या कमिटीवर एक-दोन टर्म करून बाहेर पडलेल्या ऑपरेटरपुढे हा प्रश्न येतोच. आमचं मत असं: कारखान्यातली नोकरी असेल तर बायोडेटात पद लिहू नका, केलेलं काम लिहा. आणि कुणी थेट विचारलं तर खोटं बोलू नका.

पद गाळायचं, कारण कायद्याचं छत्र गेटच्या आत सुरू होतं. युनियनच्या कामामुळे कामावरून काढणं किंवा बढती नाकारणं याला महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही तीच कलमं आहेत. पण ही कलमं बोलतात कामगाराबद्दल, म्हणजे हजेरीपटावर असलेल्याबद्दल. मुलाखतीला आलेला माणूस अजून कुणाचाच कामगार नसतो, आणि त्याला का नाकारलं हे कागदावर कधी येत नाही. ब्रिटनमध्ये 1992 च्या कायद्याचं कलम 137 नोकरी देतानाच असा भेदभाव करायला मनाई करतं. तरीही तिथे 2009 मध्ये बांधकाम कामगारांची तीन हजारांवर नावांची गुपचूप ठेवलेली काळी यादी सापडलीच. आपल्याकडे यादी लागत नाही, एका एचआरचा दुसऱ्याला फोन पुरतो.

आता बायोडेटातली ओळ. बहुतेक जण लिहितात: ‘सरचिटणीस, कामगार संघटना, 2018 ते 2023. कामगारांच्या न्याय्य हक्कांसाठी लढा दिला.’ वाचणाऱ्याला यातून फक्त ‘लीडर’ दिसतो. तोच माणूस सुरक्षा समितीवर असेल तर असं लिहावं: ‘सुरक्षा समितीवर कामगार सदस्य, 2019 ते 2022. प्रेस शॉपमधल्या 14 मशिनींना लाइट कर्टन बसेपर्यंत पाठपुरावा. नादुरुस्त टू-हँड बटणांची दर सोमवारी तपासणी.’ (लाइट कर्टन म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, टू-हँड बटणं म्हणजे दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय मशीन न चालवणारी.) आकडे अर्थात स्वतःचे घालायचे, आणि समितीच्या बैठकांच्या मिनिट्सच्या वहीत सापडतील तेवढेच. या समित्या कायद्याच्याच आहेत: 100 कामगार असले की वर्क्स कमिटी, म्हणजे कामगार आणि व्यवस्थापनाची संयुक्त समिती, नेमायला सरकारला लावता येते, 20 असले की तक्रार निवारण समिती असावी लागते. त्यांचं सदस्यत्व लिहिण्यात लपवाछपवी काही नाही. पगारकराराच्या वाटाघाटीत बसला असाल तर ते मात्र मुलाखतीत कुणी विचारलं तरच सांगा. सुपरवायझरच्या जागेसाठी तो अनुभव कामाचा असतो, पण कागदावर तो भलत्याच अर्थाने वाचला जातो.

याला अपवाद आहेत. आयआर (औद्योगिक संबंध) ऑफिसर, कामगार कायद्याचं काम करणारं वकिलाचं ऑफिस, कामगारांसाठी काम करणारी संस्था किंवा खुद्द युनियनचा महासंघ, इथे पद पहिल्या पानावर, वरच्या बाजूला लिहा. सरकारी बँक किंवा एसटी सोडून निघालेल्यांनी फार डोकं खाजवू नये. तिथे जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या युनियनचा सभासद असतो, हे समोरच्यालाही माहीत असतं.

खरी गफलत होते ती अर्जाच्या फॉर्मवर. ‘आपल्यावर फौजदारी खटला दाखल आहे का?’ या रकान्यात लोक बिनधास्त ‘नाही’ लिहितात, आणि गेट मीटिंगच्या, म्हणजे कंपनीच्या गेटसमोरच्या सभेच्या वेळचा बेकायदा जमावाचा गुन्हा, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम 143, आता भारतीय न्याय संहितेचं 189, पोलीस पडताळणीत वर येतो. मग नोकरी जाते ती माहिती दडवल्याच्या कारणावरून, आणि तिथे युनियनही वाचवू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने 2016 च्या अवतार सिंग निकालात दोन्ही बाजू मांडल्या आहेत: खोटी माहिती दिली तर नोकरी जाऊ शकते, पण जे नेमकं विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दडवलं असं होत नाही. म्हणून रकाना शब्द न् शब्द वाचा. ‘शिक्षा झाली आहे का’ आणि ‘खटला प्रलंबित आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जुनी कंपनी सोडतानाच सेवेचा दाखला हातात घ्या. संदर्भासाठी एचआरचा नंबर देऊ नका. ज्याच्या लाइनवर काम केलं त्या सुपरवायझरचा द्या, तोही त्याला आधी विचारून. पीएफची सर्व्हिस हिस्टरी नवी कंपनी बघतेच, त्यामुळे बायोडेटातल्या तारखा तिथल्या तारखांशी जुळवून घ्या. फेसबुकवरचा युनियनच्या बोर्डाच्या उद्घाटनाचा फोटोही बघितला जातो, हे वेगळं सांगायला नको.

बडतर्फीविरुद्ध दावा चालू असेल तर गोष्ट वेगळी. 2013 च्या दीपाली सुरवसे निकालानुसार बडतर्फी चुकीची ठरली तर साधारणपणे पूर्ण मागचा पगार मिळतो, पण त्यासाठी मधल्या काळात दुसरीकडे कमाईची नोकरी नव्हती हे कामगाराने आधी मांडावं लागतं. नवी नोकरी धरली की त्या तारखेपासून ही रक्कम कमी होऊ शकते, आणि ती नोकरी कोर्टापासून लपवली तर अख्खा दावा अडचणीत येतो. पीएफ खात्यावर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ‘एग्झिट’ची, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख स्वतःला टाकता येते. दावा चालू असताना ते बटण वकिलाला विचारल्याशिवाय दाबू नका.