खरेदीचे बटण आणि पायाचे माप

माझ्या मामांचे कोल्हापुरात, भवानी मंडपापासून चालत पाच-सात मिनिटांवर, चपलांचे छोटे दुकान आहे. गेली चार वर्षे त्या दुकानाचे इन्स्टाग्राम खाते आणि व्हॉट्सॲप बिझनेस मी सांभाळतो. म्हणजे फोटो काढणे, किमती लिहिणे आणि रात्री साडेदहाला येणाऱ्या ‘प्राइस प्लीज’ला न चिडता उत्तर देणे. रील पाहता पाहता तिथेच बटण दाबून पैसे भरता आले, तर विक्री दुप्पट होईल, असा सल्ला मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी देतो. मलाही पूर्वी तसेच वाटत असे.

ही कल्पना नवी नाही. इन्स्टाग्रामने ॲपच्या आतच पैसे भरून खरेदी पूर्ण करण्याची सोय मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत मोजक्या ब्रँडसाठी सुरू केली आणि टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, फेसबुक शॉप्स आले. मात्र चीनमध्ये थेट प्रक्षेपणातून होणारी विक्री जशी फोफावली, तशी ती इतरत्र सहजासहजी रुजली नाही. फेसबुकने आपली लाइव्ह खरेदी १ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद केली आणि इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२३ मध्ये तळाच्या पट्टीतून दुकानाचे चिन्हच काढून टाकले. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे जमवताना धाप लागली, ते आमच्या दहा बाय बाराच्या दुकानाने डोळे मिटून स्वीकारावे, याचे कारण मला तरी दिसत नाही.

आपल्याकडे व्यवहार वेगळ्या वाटेने गेला. व्हॉट्सॲपवर २०१९ मध्ये कॅटलॉग आला, २०२० च्या डिसेंबरात कार्ट, म्हणजे निवडलेल्या वस्तू एकत्र मागवायची टोपली, आली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये रिलायन्सच्या जिओमार्टमुळे किराणा थेट गप्पांच्या खिडकीतून मागवता येऊ लागला. पण लहान दुकानदाराची खरी सोय केली ती यूपीआयने. ग्राहक रील पाहतो, व्हॉट्सॲपवर येतो, चार प्रश्न विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि पैसे पाठवतो. या साखळीत खरेदीचे बटण कुठेच नाही, तरीही विक्री होते.

बटणाने नेमके काय गाळले जाते, ते आम्हाला एका हंगामात कळले. त्या वर्षी दिवाळीपूर्वी मी कॅटलॉगमध्ये साठेक जोड टाकले, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि कार्ट सुरू केली. ग्राहकाने सात नंबर निवडायचा, आम्ही सात नंबर पाठवायचा, इतके ते सरळ होते. मामा तेव्हाच म्हणाले होते, “पाय बघितल्याबिगर माप कसं द्यायचं रं?” मी ते जुन्या माणसाचे बोलणे म्हणून सोडून दिले. त्या महिन्यात परत आलेल्या पार्सलांचा ढीग काउंटरखाली मावेना आणि जाण्यायेण्याचा दोन्ही खर्च आमच्याच अंगावर पडला.

कारण साधे आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचे पायताण नवे असताना किंचित घट्टच द्यावे लागते. आठवडाभराच्या वापराने ते पायाप्रमाणे सैल होते. पहिल्याच दिवशी ऐसपैस बसणारा जोड महिन्याने टाचेतून निसटू लागतो. पाऊल रुंद असेल तर पट्टा आणि कान, म्हणजे बाजूच्या चामडी पाळ्या, वेगळे धरावे लागतात, आणि अनेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. शिवाय हाताने शिवलेले दोन जोड रंगाने हुबेहूब सारखे निघत नाहीत, त्यामुळे फोटोतला जोड आणि खोक्यातला जोड यांत फरक राहतोच. दुकानात या गोष्टी मामा ग्राहकाला स्टुलावर बसवून सांगतात. बटणाला हे सांगण्याची सवड नसते.

चामड्याचे पाकीट किंवा कमरेचा पट्टा बटणावर खुशाल विकावा. त्याला पायाचे माप लागत नाही, हेही मान्य करायला हवे.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले. त्यात महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे प्रत्येकी चार जिल्हे आहेत. तरीही रेक्झिनच्या चपला कोल्हापुरी म्हणून विकणारी इन्स्टाग्रामवरची कितीतरी पाने मला रोज दिसतात, आणि बटण दाबणाऱ्याला त्यातला फरक फोटोवरून कळायला मार्ग नसतो. ई-कॉमर्ससंबंधीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण महिन्याभरात करावे लागते. पण रीलमधून खरेदी केलेल्या माणसाला आपण ॲपकडून घेतले, पानाकडून घेतले की कुरिअर पाठवणाऱ्याकडून, हेच ठाऊक नसेल, तर तो तक्रार कोणाकडे नेणार? फसवणूक एकतर्फी नसते, हेही ओघात सांगतो: पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट पाठवून एकाने आमच्याकडून दोन जोड नेले आहेत. तेव्हापासून बँकेचा संदेश आल्याखेरीज खोके बांधले जात नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. मामांकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तीत ग्राहकाचे गाव, पायाची लांबी, रुंदी आणि ‘डावा मोठा’ किंवा ‘अंगठा सैल ठेवणे’ अशा नोंदी आहेत. दुकानाचे खरे भांडवल ती वही आहे, कारण एकदा माप लिहिले गेले की पुढचा जोड फोनवरच्या एका वाक्यात जातो. व्यवहार ॲपच्या आत गेला, तर ही ओळख त्या कंपनीची होते आणि आपण तिच्या गोदामातले एक पुरवठादार उरतो. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावर जमवलेला गोतावळा लोकांच्या हातून एका रात्रीत गेला. त्या बंदीच्या बऱ्या-वाईटात मी शिरत नाही. पण ज्याची गिऱ्हाइके स्वतःच्या वहीत होती, त्याचे दुकान दुसऱ्या दिवशीही उघडले असणार.

आता आम्ही कॅटलॉग ठेवला आहे आणि कार्ट बंद केली आहे. नव्या ग्राहकाला कोऱ्या कागदावर उभे राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिलीने रेघ मारायला आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगतो. काही जण एवढ्या खटाटोपाला कंटाळून गप्प होतात. ती विक्री गेली, हे मी मनाशी धरले आहे. परवा नागपूरच्या एका ताईंनी जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे काढलेली पावले पाठवली. मामांनी चष्मा चढवून फोटो मोठा केला आणि मला लिहायला सांगितले, “ताईंना विचार, उजव्या करंगळीला आधीची चप्पल घासत होती का?”

पाच मिनिटांत उत्तर आले: “होय, तुम्हाला कसे कळले?”