शिकवणीसाठी मंडळी सोडणारे

शनिवार, सूर्यास्तानंतर. रेवदंडा.

आमची सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी, म्हणजे शनिवारी शब्बाथ (विसाव्याचा दिवस) पाळणारा ख्रिस्ती पंथ, सोडून गेलेल्यांविषयी आमच्यात जी कारणे सांगितली जातात, ती ऐकून कोणी शिकवणीचा विचार करून गेला असेल अशी शंकाही मनात येत नाही. कोणाची परीक्षा शनिवारी आली, कोणाला शनिवारची सुटी न देणारी नोकरी लागली, कोणाचे लग्न बाहेर ठरले, कोणाचे वडीलमंडळींशी बिनसले. ही कारणे खोटी नाहीत. ॲडव्हेंटिस्ट मंडळीच्या स्वतःच्या जागतिक नोंदींप्रमाणे १९६५ पासून सभासद झालेल्या दर दहांपैकी सुमारे चार जण पुढे गळाले, आणि मंडळीनेच करवून घेतलेल्या पाहण्यांत असे दिसले की त्यांतील बहुतेक जण वाद घालून नव्हे, तर आयुष्यातल्या अडचणींत हळूहळू दुरावले, व पुष्कळांची विचारपूस करायलाही कोणी गेले नाही. तरीही काही थोडे लोक बायबल उघडूनच बाहेर पडतात, आणि शब्बाथ शाळेत ज्यांचा पाठ सर्वांत पक्का असे, तेच त्यांच्यात अधिक आढळतात.

माझा मावसभाऊ त्यांच्यापैकी एक. दादाने सभासदांच्या नोंदवहीतून नाव काढावे असे पत्र पाळकांना दिले आहे. आमच्या नियमाप्रमाणे अशा पत्रावर मंडळीच्या सभेत ठराव होतो, परंतु जाहीर चर्चा होत नाही. सोडून जाणाऱ्याची चारचौघांत चिरफाड होऊ नये म्हणून हा नियम केलेला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्याने स्वतः लिहिलेले कारणही त्यामुळे कोणाच्या कानी पडत नाही, आणि रिकाम्या जागेत अफवा शिरतात. दादाविषयीची सध्याची अफवा अशी, की त्याला कोळंबी आणि चिंबोऱ्या खायच्या होत्या. लेवीयाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे पर आणि खवले असलेलेच मासे खाण्याचा आमचा नियम पठारावरच्या माणसाला फारसा जाचत नसेल. पण ज्या किनाऱ्यावर तिसऱ्या, कालवे, माकुल आणि मुशी घरोघर शिजतात, तेथे तो रोज पाळावा लागतो. दादाने तो चाळीस वर्षे पाळला आणि अजूनही पाळतो. मी मंडळीतला वडील, म्हणजे पाळकांच्या हाताखाली काम पाहणारा पुढारी, म्हणून त्या ठरावावर हात वर करीन. सभेत जे बोलता येणार नाही, ते येथे लिहून ठेवतो.

त्याच्या पत्रातला मुद्दा १८४४ चा आहे. दानीएलाच्या आठव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात २,३०० सांजसकाळ झाल्यावर पवित्रस्थान शुद्ध होईल असे म्हटले आहे. अमेरिकेतील बाप्टिस्ट शेतकरी विल्यम मिलर यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरून, इ. स. पू. ४५७ पासून मोजणी करून, ख्रिस्ताचे आगमन १८४३ किंवा १८४४ मध्ये होईल असे सांगितले. त्यांच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. तो दिवस गेला आणि प्रभू आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हायरम एडसन यांना मक्याच्या शेतातून जाताना असे उमगले की तारीख बरोबर होती, घटना मात्र वेगळी होती: ख्रिस्त त्या दिवशी पृथ्वीवर नव्हे, तर स्वर्गातील पवित्रस्थानाच्या आतल्या भागात प्रवेशला आणि त्याने विश्वासणाऱ्यांच्या नोंदींची तपासणी सुरू केली. १८६३ मध्ये बॅटल क्रीक येथे जी मंडळी संघटित झाली, तिचे वेगळेपण शब्बाथाइतकेच या तपासणीवरही उभे आहे. शब्बाथ पाळणारे इतरही आहेत. ही तपासणी ॲडव्हेंटिस्ट परंपरेबाहेर दुसरे कोणीही शिकवत नाही.

दादाचे म्हणणे तीन ओळींत मावते, पण त्यामागे सात-आठ वर्षांचे वाचन आहे. दानीएलात पवित्रस्थान विटाळते ते दृष्टान्तातल्या लहान शिंगाने, म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या एका सत्तेने, आणि शुद्धीचे वचन त्या विटाळाला दिलेले उत्तर आहे. मग तेथे विश्वासणाऱ्यांच्या पापांची तपासणी कोठून आली? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त पडद्याच्या आत, म्हणजे पवित्रस्थानाच्या आतल्या भागात, गेल्याचे लेखक आपल्या काळात, झालेली गोष्ट म्हणून सांगतो. मग त्याने अठराशे वर्षे बाहेरच्या भागात का थांबावे? दिवसाला वर्ष मानण्याचा नियम गणना आणि यहेज्केल यांतल्या दोन वचनांवरून सर्वत्र लावता येतो का? यांतले काहीही नवे नाही. भारतातील कामाची धुरा काही वर्षे वाहिलेले डब्ल्यू. डब्ल्यू. फ्लेचर १९३० मध्ये याच शिकवणीवरून मंडळीबाहेर पडले. ऑस्ट्रेलियाचे ॲडव्हेंटिस्ट धर्मपंडित डेस्मंड फोर्ड यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील व्याख्यानात हेच प्रश्न मांडले, तेव्हा त्यांना उत्तर लिहायला सहा महिने मिळाले. त्यांनी सुमारे हजार पानांचे हस्तलिखित दिले, ऑगस्ट १९८० मध्ये कोलोरॅडोतील ग्लेशियर व्ह्यू येथे शंभराहून अधिक विद्वान व अधिकारी त्यावर बसले, आणि त्यानंतर फोर्ड यांचा पाळकीचा अधिकार काढून घेण्यात आला. पुढच्या काही वर्षांत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पाळकांची मोठी गळती झाली. फोर्ड स्वतः मात्र २०१९ मध्ये वारले तोवर शब्बाथ पाळत राहिले, याची आठवण आमच्याकडे कोणी करून देत नाही.

एखादी तारीख पटली नाही म्हणून माणूस लहानपणापासूनचे घर सोडत नाही, असे मला आधी वाटत असे. दादाशी दोन संध्याकाळी बोलल्यावर मला असे दिसले की तारखेच्या मागे भीती आहे. मंडळीच्या संस्थापकांपैकी एक आणि आम्ही ज्यांना संदेष्टी मानतो त्या एलेन व्हाइट यांनी असे शिकवले की न्यायाची तपासणी संपून ख्रिस्ताची मध्यस्थी थांबेल, तेव्हा पृथ्वीवर उरलेल्यांना मध्यस्थाविना पवित्र देवासमोर उभे राहावे लागेल. हे वाक्य ज्याने बाराव्या-तेराव्या वर्षी मनावर घेतले, तो रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातील प्रत्येक पाप आठवून कबूल करण्याचा प्रयत्न करतो, आणि एखादे राहून गेले असेल या विचाराने पुन्हा जागा होतो. आपले नाव आजच्या तपासणीत निघाले असेल तर? दादा म्हणाला, “रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय मी पन्नाशीत पहिल्यांदा न घाबरता वाचला.” तारणाची खात्री हा त्याच्या पत्रातला खरा विषय आहे, १८४४ हे तिच्या वाटेतले कुलूप. मंडळीला हे ठाऊक नाही असेही नाही. १८८८ च्या मिनिआपोलिस येथील परिषदेत जोन्स आणि वॅगनर या दोघा ॲडव्हेंटिस्ट उपदेशकांनी विश्वासाने मिळणाऱ्या नीतिमत्त्वावर भर दिला, स्वतः एलेन व्हाइट त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आणि तरीही पुढे ते दोघेही मंडळीपासून दुरावले.

एलेन व्हाइट यांच्याविषयीचा प्रश्न येथूनच सुरू होतो. आमच्या २८ मूलभूत विश्वासांपैकी अठरावा त्यांच्या संदेष्टेपणाच्या दानाविषयी आहे. त्यांच्या लेखनात इतर ग्रंथकारांचे उतारे किती आहेत, यावर १९८२ मध्ये मंडळीचेच एक माजी पाळक वॉल्टर रे यांनी पुस्तक काढले, आणि मंडळीने एलेन व्हाइट यांच्या ख्रिस्तचरित्रावरील ग्रंथाची जी तपासणी करवून घेतली, तिच्या १९८८ च्या अहवालात पाहिलेल्या प्रकरणांतील सुमारे एकतृतीयांश वाक्यांवर पूर्वीच्या लेखकांची काही ना काही छाप आढळली. मला स्वतःला उसनवारीचा एवढा धक्का बसत नाही. बायबलमधील लेखकांनीही एकमेकांचे घेतले आहे. मला अडचण वाटते ती वेगळी. केवळ बायबल हा आमचा विश्वास आहे असे बाप्तिस्म्यापूर्वी शिकवायचे, आणि दानीएल आठचा प्रश्न बायबलपुरता सुटत नाही असे दिसले की उत्तर त्यांच्या लेखनातून काढायचे, हे ज्याने पहिले वाक्य मनापासून घेतले त्याला चालत नाही. तो आम्हीच शिकवलेल्या वाटेने बाहेर जातो.

याला आमचे तयार उत्तर आहे: शेवटच्या काळात चाळण होणार, पुष्कळ जण गळणार, हे आधीच सांगितले होते. पेत्राला सैतान गव्हासारखे चाळू पाहत होता, हे वचनही जोडले जाते. जाणारा प्रत्येक माणूस भविष्यवाणी खरी ठरवतो, म्हणून त्याचा प्रश्न ऐकण्याची गरजच राहत नाही. दादाच्या पत्रानंतर तिघांनी मला हेच ऐकवले. पेत्राच्या त्या वचनाच्या पुढच्या ओळीत प्रभूने त्याच्यासाठी प्रार्थना केल्याचे आहे. ती ओळ कोणी म्हटली नाही.

शब्बाथ मात्र दादाने सोडलेला नाही. दादाचे दुकान समुद्राकडच्या रस्त्यावर आहे, आणि मुंबईची गर्दी शनिवारीच येते. तरी आजही ते बंद होते. हा त्याचा नियम आता नियम राहिलेला नाही, असे त्याने सांगितले. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायानंतर त्याला कोणी शब्बाथावरून दोषी ठरवू शकत नाही, आणि दोष नसताना विसावा घेण्यात त्याला अधिक सुख वाटते. या किनाऱ्याला शनिवार नवा नाही. तेलाच्या घाण्याचे काम शनिवारी बंद ठेवत म्हणून कोकणातल्या ज्यू बेने इस्राएल लोकांना येथे शनवार तेली म्हणत, आणि त्यांच्यापैकी कोणी १८४४ ची गणना केली नव्हती.

मी राहिलो आहे. मृत्यू म्हणजे पुनरुत्थानापर्यंतची झोप, ही शिकवण आई गेल्यावर मला जितकी उपयोगी पडली तितके दुसरे काही पडले नाही, आणि शुक्रवारच्या सूर्यास्ताला येणारी शांतता मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. तपासणीविषयी मात्र दादाच्या तीन प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी वडील असल्यामुळे ते असल्यासारखे दाखवणे आता जमणार नाही. पुढच्या तिमाहीत माझ्या वर्गाला दानीएल शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आठव्या अध्यायाच्या आठवड्याचा पाठ दुसऱ्या कोणाला द्यावा, असे मी उद्या पाळकांना फोनवर सांगणार आहे. त्यांनी कारण विचारले तर तेही सांगेन.