कानामागची लाली

सोमवारी सकाळी दुकान उघडतोय तोच तो दारात उभा. पाच वर्षांचं गिऱ्हाईक, दर शनिवारी ठरलेलं. खुर्चीत न बसताच त्यानं हनुवटी वर केली. "काका, हात जड झाला का तुमचा? की ब्लेड जुनं लावता?"

गळा लालभडक. गालांवर बारीक पुरळ, खाजवून ओरबाडलेलं. खरं सांगतो, मला राग आला. नवं ब्लेड गिऱ्हाइकासमोर कागद फाडून काढायचं, हा माझा नेम. शिवाय याची कातडी नाजूक म्हणून उलटा हात मी कधीच बंद केला होता. साबणाची वडी सोडून 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं क्रीम दोन महिन्यांपूर्वी मीच त्याला सुचवलं होतं. पहिले काही आठवडे ते छान चाललंही होतं.

वाद घालायच्या आधी त्याला उजेडात बसवलं. मान वळवताना कानामागे दिसलं. पाळीच्या मागे, केसांच्या रेषेखाली, नखाएवढी लाल, खवलेदार चकती. तिथे मी ब्लेड नेतच नाही. पण फेस जातो. ब्रश गोल फिरवताना पाळीला लागतो, आणि टॉवेलनं पुसताना नेमकी तीच जागा राहून जाते.

"हे कधी उठलं?"

"काल रात्री. शनिवारी घरी गेलो तेव्हा काहीच नव्हतं."

ब्लेडची आग खुर्चीतून उठायच्या आत कळते. दीड दिवसानं उठणारी खाज सहसा ब्लेडची नसते, एवढं इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

त्याचा कान धरलेला माझा डावा हात तेव्हा माझ्याच डोळ्यांसमोर होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. याच दोन बोटांनी मी गालाची कातडी ताणतो, म्हणजे दिवसभर ती फेसात बुडालेली. दोन महिने त्यांची सालं जात होती, टोकांना भेगा पडल्या होत्या. फोन माझा अंगठा ओळखेनासा झाला होता. मी हवेला दोष देत बसलो होतो. वस्तरा धरणारा उजवा हात मात्र धडधाकट.

"चल," म्हटलं, "आपण दोघंही दाखवून येऊ."

ट्यूब आणि जुनी वडी पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी दोघांच्या पाठीवर वेगवेगळे पदार्थ भरलेल्या छोट्या टिकल्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. ४८ तास पाणी लावायचं नाही, मग पट्ट्या काढून एकदा बघायचं आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. मी शहाणपणा करत म्हटलं, हे क्रीमही तसंच्या तसं चिकटवा की. त्या हसल्या. साबण असलेली वस्तू झाकून दोन दिवस ठेवली तर कुणाचीही पाठ लाल होईल, म्हणाल्या, त्यातून काही कळायचं नाही.

आमचं दुखणं एकच, यावर मी पैज लावायला तयार होतो. हरलो असतो. त्याच्या पाठीवर उठला तो सुवासिक द्रव्यांचा ठिपका. माझ्या पाठीवर मिथाइलआयसोथायझोलिनोन, क्रीम नासू नये म्हणून घालतात ते. ट्यूब एक, गुन्हेगार दोन. माझ्यावाल्याचा लौकिक आधीपासूनच वाईट. लावून तसंच ठेवायच्या क्रीममध्ये ते घालायला युरोपात २०१७ पासून बंदी आहे, धुऊन टाकायच्या वस्तूंत मात्र दहा लाख भागांत १५ भागांपर्यंत चालतं. सुरुवातीला काहीच झालं नाही याचंही उत्तर मिळालं. ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. शरीर आधी ओळख करून घेतं, मग भांडतं.

मग वापरायचं काय? मला वाटलं होतं, क्रीम सौम्य आणि वडी कडक, विषय संपला. पण क्रीममध्ये पाणी भरपूर, म्हणून ते टिकवायला काहीतरी घालावंच लागतं. कोरड्या वडीला बऱ्याचदा त्याची गरज नसते. उलट बाजूही आहे. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, ९ ते १०, कातडीचा ५ च्या आसपास, म्हणजे साबण कोरडेपणा आणणारच. बाई म्हणाल्या, तो दोन-तीन मिनिटं तोंडावर असतो आणि धुतला जातो, तुम्हा दोघांना चालेल. ज्याला इसब आहे किंवा कातडी मुळातच फुटते, त्याला साबण नसलेलं, ब्रशविना लावायचं क्रीम बरं.

तेव्हापासून मी डब्याची पुढची बाजू वाचतच नाही. मागचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचतो. पोटॅशियम स्टिअरेट किंवा स्टिअरिक ॲसिड वरच्या ओळीत असलं की फेस दाट बसणार. ग्लिसरीन असलं की कातडी कमी ओढणार. 'अनसेंटेड' या शब्दानं फसायचं नाही, मूळ वास दाबायला त्यातही सुगंध घातलेला असू शकतो. आणि मेंथॉल! आग होतेय म्हणून गारेगार क्रीम मागणारे रोज भेटतात. मेंथॉलनं काहीच थंड होत नाही, गारव्याची जाणीव देणाऱ्या नसा तेवढ्या चाळवतात. खालची आग तशीच.

बिनवासाची वडी मिळाली. आठवडाभर दोघांनी तिचा फेस रोज दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुतला. काही उठलं नाही. त्याच्यासाठी ब्रशही नवा काढला, कारण जुना तीनदा धुऊनही दरवळत होता.

पुढच्या शनिवारी गरम पाण्याचा टॉवेल तीन मिनिटं ठेवून दाढी केली. तो नाक फेंदारून म्हणाला, "काका, दाढी केल्यासारखंच वाटत नाही. वासच नाही."

"मग क्रीम काढू परत?"

"नको नको!"

सोमवारी सकाळी फोन वाजला. त्यानं फोटो पाठवला होता, आरशात कसाबसा काढलेला, अर्धा हललेला. कानामागचा. तो बघायला मी सवयीनं आकडे दाबायला गेलो, तर अंगठा टेकताच फोन उघडला.