पायरी कोणी पुसायची?

आमच्या वाडीतल्या क्रुसाची झाडलोट आई करायची. दर शनिवारी जुनं उलथनं घेऊन चौथऱ्यावर सांडलेलं मेण खरवडायची आणि मग ओल्या फडक्याने पायऱ्या पुसायची, वरून खाली, शेवटच्या पायरीपर्यंत. ती अंथरुणाला खिळली तेव्हा शेजारच्या काकूंनी ते उलथनं उचललं. कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही. हे आधी सांगते, कारण जेरुसलेममध्ये माझ्या हातून जे झालं ते या सवयीने झालं.

२०१९ च्या नोव्हेंबरात वसईहून आमचा गट पवित्र भूमीच्या यात्रेला निघाला. खरं तर जायचं होतं आईला. बिस्किटांच्या डब्यात तिने त्यासाठी अठरा हजार रुपये साठवले होते. दीड वर्ष आधी ती गेली आणि डबा माझ्याकडे आला. निघायच्या आदल्या रात्री मी तिच्या लाल लुगड्यातून रुमालाएवढा तुकडा फाडला आणि पर्समध्ये ठेवला. जिथे जिथे प्रभूचे पाय लागले तिथे तो टेकवायचा, एवढंच मनात होतं.

नाझरेथ, काना, गालील सरोवर हे सगळं तीन दिवसांत झालं, बसमधून उतरा आणि बसमध्ये चढा. लोद गावात एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून तिथे गेलेल्या ज्यू, आजींनी थेट आपल्या कोकणातल्या मराठीत "जेवल्याशिवाय सोडायची नाही" म्हटलं आणि खरंच सोडलं नाही. बेथलेहेमला गर्दीत जीव गुदमरला. मग जेरुसलेम.

पवित्र कबरीच्या चर्चमध्ये पाऊल टाकताना माझे हात कापत होते. दारातून आत गेलं की समोरच ती लांबट, तांबूस शिला, क्रुसावरून उतरवलेलं प्रभूचं शरीर जिच्यावर ठेवून सुगंधी द्रव्यं लावली असं मानतात. उजवीकडे कालवारीवर, म्हणजे प्रभूला क्रुसावर दिलं त्या जागी, चढणाऱ्या उभ्या पायऱ्या. डावीकडे मोठा घुमट आणि त्याखाली प्रभूच्या कबरीची छोटी कोठी. लहानपणापासून क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानांमध्ये जे मनाने पाहिलं त्यातली शेवटची पाच स्थानं एका छताखाली. त्यातच एकीकडून ऑर्गन सुरू झाला, दुसरीकडून घंटा, तिसरीकडून जाड आवाजातलं स्तोत्र. एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचा चढायचा. आमच्या गटाने कोपऱ्यात मराठीत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला सुरुवात केली, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना.

कबरीच्या रांगेत दोन तास गेले. ढकलाढकलीबद्दल लिहीत नाही. आत गुडघे टेकायला मिळाले ते काही क्षण. वर दिवे टांगलेले आहेत, एकूण ४३. फादरांनी आधीच सांगून ठेवलं होतं: तेरा ग्रीकांचे, तेरा आपल्या कॅथलिकांचे, तेरा आर्मेनियनांचे आणि चार इजिप्तच्या कॉप्टिक लोकांचे. मी त्या संगमरवरावर कपाळ टेकलं आणि तरीही नजर वर गेली, आपले कुठले ते शोधायला. त्याची मला अजून लाज वाटते.

बाहेर आल्यावर पाय भरून आले होते म्हणून मी आतल्याच एका आडबाजूच्या पायरीवर टेकले. कोणाची पायरी ते सांगणार नाही. पुढे जो आला तो कोणत्या पंथाचा हेही नाही. वाचून कोणी त्या पंथाला बोल लावावा असं मला वाटत नाही. पायरीवर मेणाचा ओघळ थिजला होता, पिवळा, काजळी लागलेला, त्यात एक जळकी वात अडकलेली. मी पर्समधून दहा रुपयांचं नाणं काढलं आणि मेण खरवडू लागले. खपली निघाली. आईचा तुकडा काढून त्याने जागा पुसली. खालून दगड दिसला, गुळगुळीत, मधासारख्या रंगाचा. फार बरं वाटलं. जेरुसलेममध्ये आल्यापासून पहिल्यांदा मला मी प्रार्थना करतेय असं वाटलं.

तेवढ्यात "नो! नो!" असा आवाज आला. काळा झगा घातलेला एक साधू माझ्या अंगावरच धावून आला. त्याने हाताने मला बाजूला सारलं नाही, पण इतक्या जवळ येऊन ओरडला की माझ्या हातातलं नाणं पडलं. त्याचं बोट आईच्या लुगड्याच्या तुकड्याकडे होतं. जणू काही मी तिथे झेंडा रोवत होते. माझी नणंद धावत आली. "वहिनी, उठा. आधी उठा." मी उठले. नाणं उचलायलाही वाकले नाही, तेच उचलून तिने माझ्या हातात दिलं. बासष्टाव्या वर्षी, तेहतीस वर्षं शाळेत शिकवून झाल्यावर, चोरी करताना पकडलेल्या पोरीसारखी मी चर्चच्या अंगणात उभी होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

रात्री जेवताना मी फादरांना विचारलं, माझं काय चुकलं?

ते म्हणाले, "टीचर, इथे जो झाडतो त्याची जागा. जो डागडुजी करतो त्याचा हक्क."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे चर्च सहा पंथांचं: ग्रीक ऑर्थोडॉक्स, आपल्या कॅथलिकांच्या बाजूने फ्रान्सिस्कन साधू, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन आणि सिरियन. त्यांच्यातली भांडणं इतकी विकोपाला गेली की तुर्की सुलतानाने १७५७ साली आणि पुन्हा १८५२ साली फर्मान काढलं: जे जसं आहे ते तसंच राहील. आपल्या कोर्टात 'जैसे थे'चा हुकूम होतो ना, तसा. फक्त तो आजतागायत उठलेला नाही. कोणती वेदी कोणाची, कोणता दिवा कोणी लावायचा, मिरवणूक किती वाजता कुठून जाणार, कोणता खांब कोणी पुसायचा, सगळं ठरलेलं. दर्शनी भिंतीवर एका खिडकीखाली लाकडी शिडी उभी आहे. १७२८ च्या एका चित्रातही ती दिसते. कोणी एकट्याने ती हलवायची नाही, म्हणून तिथेच.

आणि झाडण्यावरून रक्त सांडलंय. अंगणात उजव्या हाताला कॅथलिकांच्या एका छोट्या चॅपलकडे चढणाऱ्या पायऱ्या आहेत. त्यातली सगळ्यात खालची पायरी चॅपलची की अंगणाची, म्हणजे ती झाडायची कोणी, यावरून १९०१ साली ग्रीक आणि फ्रान्सिस्कन साधूंची मारामारी झाली, माणसं जखमी झाली. आदल्याच दिवशी आम्ही पाहिलेल्या बेथलेहेमच्या जन्मस्थानाच्या चर्चमध्ये, २०११ च्या डिसेंबरात, ग्रीक आणि आर्मेनियन साधूंनी सणापूर्वीची सफाई करता करता हातातल्या झाडूंनीच एकमेकांना बडवलं. प्रभूच्या जन्मस्थानात! जेरुसलेमला २००८ मध्ये कबरीशेजारीच हाणामारी झाली आणि पोलिसांना आत शिरून माणसं धरावी लागली. २००२ मध्ये छतावर एका कॉप्टिक साधूने आपली खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली. त्या छतावर इथिओपियन साधू राहतात, त्यांना ते अतिक्रमण वाटलं, आणि शेवटी अकरा जण इस्पितळात.

मी आईचं उलथनं आठवत ऐकत होते. आमच्याकडे झाडणं म्हणजे सेवा. तिथे तेच झाडणं सात-बाराच्या उताऱ्यासारखं झालंय.

आपण फार वेगळे आहोत असं मात्र मी म्हणू शकत नाही. पोर्तुगालच्या राजाने नेमलेले पाद्री की थेट रोमने पाठवलेले, पाद्रोआदो की प्रोपगंडा, या वादात मुंबईची चर्चेस १७९४ साली वाटली गेली आणि एकाच शहरातल्या कॅथलिकांवर दोन-दोन सत्ता १९२८ पर्यंत चालल्या. माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून तर १८५३ मध्ये अशी वेळ आली की रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आत ठाण मांडून बसले आणि अखेर सरकारला मध्ये पडावं लागलं. दोन्हीकडचे एकच मिस्सा म्हणणारे, एकाच पोपला मानणारे. माझ्या पणजीच्या काळातली ही गोष्ट आहे. त्या साधूवर आलेला माझा राग त्या रात्री तिथेच अडखळला.

पण दुसऱ्या दिवशी जे पाहिलं त्याने तो पुन्हा उसळला. कबरीच्या मागच्या बाजूला सिरियन लोक जिथे उपासना करतात ते चॅपल आहे. तसं चॅपल मी आयुष्यात पाहिलेलं नाही. भिंती जळून काळ्या पडलेल्या, गिलावा निघालेला, वेदीचं लाकूड उघडं पडलेलं. जागेवर आर्मेनियनांचाही दावा आहे, त्यामुळे सिरियनांनी दुरुस्ती केली तर तो मालकीचा पुरावा ठरेल. म्हणून कोणीच करायची नाही. एखादं घर वाटणीच्या वादात पडून राहतं आणि भिंतीतून वड उगवतो, तसं. तिथे उभी राहिले तेव्हा माझे हात पाठीमागे घट्ट धरलेले होते. पुन्हा काही पुसायला लागू नये म्हणून.

कबरीच्या कोठीचंही हेच झालं होतं. १९२७ च्या भूकंपाने ती खिळखिळी झाली, १९४७ मध्ये ब्रिटिशांनी बाहेरून लोखंडी तुळया लावून आवळून धरली, आणि जवळपास सत्तर वर्षं प्रभूची कबर तशीच, टेकू दिलेल्या गोठ्यासारखी. २०१५ मध्ये पोलिसांनी धोकादायक म्हणून ती थोडा वेळ बंदच केली. तेव्हा कुठे ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन एका कागदावर आले, आणि अथेन्सच्या तज्ज्ञांनी २०१६-१७ मध्ये ती दुरुस्त केली. तुळया गेल्या. आम्ही पाहिली ती स्वच्छ, उजळ भिंतींची. म्हणजे जमतं. ठरवलं तर जमतं! सत्तर वर्षं का लागावीत, हे मला कोणीतरी सांगावं.

संध्याकाळी सातच्या सुमारास दार बंद होतं ते पाहायला आम्ही थांबलो. किल्ली एका मुसलमान घराण्याकडे असते, कुलूप दुसरं मुसलमान घराणं लावतं, शतकानुशतकं. वरच्या कुलपापर्यंत हात पोचायला छोटी शिडी लावतात, मग ती दाराच्या झरोक्यातून आत सरकवली जाते आणि रात्रभर साधू आत राहतात, ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन, एकाच कुलपाआड. सगळे लोक फोटो काढत होते. मला आत कोंडलेल्या त्या माणसांचं वाईट वाटलं. त्यातच तोही असणार, माझ्यावर ओरडलेला. त्यालाही कोणीतरी लहानपणी सांगितलं असेल, ही पायरी आपली, हिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव.

परत जायचं नव्हतं मला. नणंदेने पहाटे पाचला उठवलं. "आईचा तुकडा तसाच न्यायचा का घरी?" एवढंच म्हणाली. जुन्या शहराच्या दमास्कस दरवाजातून आत गेलो तेव्हा बाजार बंद होता, फक्त एका हातगाडीवर तीळ लावलेले लांबट कड्यांचे पाव गरम होते. तुम्ही गेलात तर पहाटेच जा. दुपारी गेलात तर तुम्हाला भांडण दिसेल आणि चर्च दिसणार नाही, माझं तेच झालं होतं.

आत कोणी ओरडत नव्हतं. दारासमोरच्या त्या तांबूस शिलेभोवती दहा-बारा बायका गुडघ्यांवर होत्या. वरच्या दिव्यांत ग्रीकांचे, आर्मेनियनांचे, कॅथलिकांचे, कॉप्टिकांचे सगळ्यांचे दिवे आहेत. शिला एकट्या कोणाचीच नाही. आणि सगळ्याजणी तिला पुसत होत्या. कोणी ओढणीने, कोणी रुमालाने, कोणी उघड्या तळव्याने. मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले.

शेजारी एक इथिओपियन बाई होती, डोक्यावरून पांढरी शाल, माझ्याच वयाची. तिने छोट्या बाटलीतून तेल शिलेवर ओतलं आणि माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मी पर्समधून आईचा तुकडा काढला. तिने थोडं तेल माझ्या बाजूलाही ओतलं. गुलाबासारखा वास आला. आम्ही दोघी पुसायला लागलो, ती तिच्याकडून, मी माझ्याकडून, मधे हात लागायचे. धुपाटणं हलवत एक साधू शेजारून गेला. माझी मान आपोआप खाली गेली. तो थांबला नाही.

शिलेच्या कडेला मेणाचा एक थेंब थिजलेला होता. त्या बाईने नखाने तो उकरून पाहिला, निघेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दहा रुपयांचं नाणं काढून तिच्या हातात दिलं.