सी६ पलीकडे, ई९ अलीकडे

मंडळी, ठरलं. पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून आणि पायाच्या पेडलांनी तारांचे सूर बदलत वाजवायची गिटार. तिला दोन नेक, म्हणजे तारांच्या दोन पट्ट्या असल्या, तर ई९ ट्यूनिंग पलीकडच्या नेकवर आणि सी६ पोटाजवळ, ही रूढ मांडणी. माझ्याकडे ती आता उलटी झाली. मागच्या नोंदीत ‘बघू’ म्हणालो होतो, ते बघून झालं.

कारण पोटाचंच आहे. वाद्यापुढे बसलं की शरीराचा मध्य साधारण पंधराव्या फ्रेटसमोर येतो. मी वाजवतो जुनी हिंदी-मराठी गाणी आणि त्यांत मला लांब मींड लागते, तिसऱ्या फ्रेटवरून निघून थेट पंधराव्यापर्यंत. जवळच्या नेकवर बार तिथवर नेताना डावं कोपर बरगड्यांत अडकतं आणि सूर नेमका केसभर खाली राहतो. दोन वर्षं मी कानाला दोष देत होतो.

परीक्षा सोपी होती. ई९ची चौथी तार आणि सी६ची दुसरी, दोन्ही एकाच उंचीच्या ई सुराच्या. तीच मींड दोन्ही नेकवर वीस-वीस वेळा घेतली आणि समोर मोबाइलवर ट्यूनर ठेवला. जवळच्या नेकवर तेरा वेळा खाली पडलो, पलीकडच्यावर चार वेळा. पलीकडे हात खांद्यातून सरकतो, कोपराला काही अडत नाही.

मग ई९ तिथे आहेच की, तिच्यावरच वाजव, असं कुणी म्हणेल. पण माझा जीव सी६मध्ये. सी, ई, जी, ए म्हणजे सीला सा धरला तर सा, ग, प, ध. भूप रागातला फक्त रिषभ कमी! तोही सातव्या पेडलवर मिळतो, कारण ते तिसरी तार सीवरून डीवर नेतं. मात्र तेच पेडल चौथी तार एवरून बीवर चढवतं. म्हणजे ती तार चुकून छेडली गेली की भूपात निषाद घुसला. मी ती उजव्या तळहाताने दाबून ठेवतो. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ली यांनी इथल्या फिल्मी गाण्यांत एकही पेडल नसताना हवाईयन गिटारवर जे काढलं, ते आठवलं की पायाखालची आठ पेडलं जरा लाजिरवाणी वाटतात.

जवळची नेक काढून तिथे हाताला गादी बसवायचा विचारही केला होता. वजन घटलं असतं. पेटीसकट पस्तीस किलोचं हे धूड लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. पण ई९चं पहिलं आणि दुसरं पेडल एकत्र दाबून ई मेजर कॉर्डचा ए मेजर करायचा, ते सुख सोडवेना. बारा तारांची एकच नेक घेणं हा सर्वांत शहाणा पर्याय होता, म्हणून तो बाजूला ठेवला.

मांडणी मोडण्याची भीती वाटत असेल तर आठवा, बडी एमन्सचा पेडलक्रम डावीकडून ए, बी, सी (ही ई९च्या पेडलांची नावं, सूर नव्हेत) आणि जिमी डेचा सी, बी, ए. पट्टीचे वादकच एकमेकांच्या उलट बसले, मग पार्ल्यातल्या मला कोण विचारतं.

आता काम. वाद्य गेले तीन रविवार पलंगावर उताणं पडलं होतं. (बायकोचा प्रश्न: “आज आपण झोपायचं कुठे?”) पेडलांच्या आडव्या दांड्या दोन्ही नेकखालून जातात, त्यामुळे पेडलांना हात लावावा लागला नाही. पहिली तीन ई९चीच राहिली, उरलेली पाच सी६ची. फक्त बेल क्रँक, म्हणजे दांडीवरचे ओढ देणारे छोटे तुकडे, सरकवून दुसऱ्या नेकखाली आणायचे आणि ती ओढ तारेपर्यंत नेणाऱ्या सळ्या, म्हणजे पुल रॉड, नव्याने ओवायचे. एकूण सव्वीस. दोन पावसाळ्यांनी त्यांतले चार गंजवले होते. ते घासून शिलाई मशीनचं तेल दिलं.

जे आधी सुचलं नाही ते नटवर अडलं, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या रोलरांवरून जातात तिथे. माझ्या वाद्याचे रोलर तारांच्या जाडीप्रमाणे खाचलेले आहेत. सी६ची दहावी तार ०.०७० इंचाची, ई९ची ०.०३८. जाड तार पातळ खाचेत बसेना, वर तरंगायला लागली. मग रोलरही काढून अदलाबदल केले. एक कॉटखाली गेला, तो पाऊण तासाने झाडूत सापडला.

काल रात्री सी६ पलीकडून पहिल्यांदा वाजली. सातवं पेडल अजून डीपर्यंत पोचत नाही, पुल रॉडच्या टोकाचा नायलॉनचा नट अर्धा फेरा फिरवायचाय. मींड मात्र बसली. आणि हात आता ई९वरून जातो, त्यामुळे मनगट तिच्या तारांना लागतं. निवडीचा खटका चुकून मध्यावर, म्हणजे दोन्ही नेक चालू, राहिला होता. खालून काहीतरी गुणगुणलं, मला वाटलं, सतारीसारख्या न छेडता झंकारणाऱ्या तरफाच मिळाल्या. हिशेब केला तर पेडल न दाबता दोन्ही ट्यूनिंगना समाईक सूर एकच, ई. सध्या तेवढी एकच तरफ आहे माझ्याकडे.