आमची वाटचाल: रबाळ्याचा गाळा आणि आवळ्याचा अर्क

रबाळे एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला तेव्हा वनस्पतींचे अर्क काढायला आमच्याकडे सॉक्सलेट (सॉल्व्हंटने अर्क काढायचं काचेचं उपकरण), एक जुना रोटाव्हॅप (सॉल्व्हंट उडवून अर्क घट्ट करणारं यंत्र) आणि सेकंडहँड स्पेक्ट्रो (सोल्युशन किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र), बस्स. स्पेक्ट्रो माझ्या मेव्हण्याने, म्हणजे पार्टनरने, एका बंद पडलेल्या लॅबमधून उचललेला, गरम व्हायला वेळ खायचा पण 517 नॅनोमीटरला रीडिंग हलायचं नाही. डीपीपीएच, म्हणजे अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद बघायची टेस्ट, आपल्या लाइनवाल्यांना काय सांगायची, जांभळं सोल्युशन, अर्क पडला की पिवळं होत जातं, अर्धा तास अंधारात ठेवायचं. आमचा अंधार म्हणजे फायलींचं कपाट.

मग गुळवेल, हळद, अश्वगंधा, बरी वर्षं गेली.

दणका दिला आवळ्याने. लाइनमधल्याच एकाने (नाव नको) आमच्यापेक्षा स्वस्त अर्क काढला आणि आयसी50 (डीपीपीएच निम्मं संपवायला लागणारा अर्क, जितका कमी तितका अर्क जोरदार) आमच्या निम्म्याने कमी! मोठी पार्टी गेली, तिच्यामागून बाकीच्या, बँकेचा हप्ता थकला, स्प्रे ड्रायर (अर्काची पावडर करणारं यंत्र) विकायला काढला होता हो. शेवटी त्याचं सॅम्पल मिळवून एचपीएलसीला (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) टाकलं तर व्हिटॅमिन सीचा पीक हा एवढा आणि आवळ्याचे टॅनिन नावाला. माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये (स्टार्चपासूनची भरणीची पावडर) सरळ एस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीच, मिसळलेलं. डीपीपीएचला काय, इलेक्ट्रॉन देणारा कोणीही चालतो, आवळा आहे की पोत्यातली पावडर ते तो विचारत नाही. रिपोर्ट घेऊन पार्टीकडे गेलो, तर पर्चेसवाला म्हणे, "आम्ही नंबर बघतो साहेब."

तेव्हा टिकल्या त्या फक्त वागळे इस्टेटच्या काकू, सिरप बनवतात. त्यांची टेस्ट एकच, चिमूटभर जिभेवर ठेवायचा, वर पाणी प्यायचं. "पाणी गोड लागतंय, पाठवा," आणि ॲडव्हान्सचा चेक. ड्रायर वाचला तो त्या चेकमुळे.

नवीन पोरांनो, आवळा घेताना फोलिनच्या (एकूण पॉलिफेनॉल मोजायची टेस्ट) आकड्यावरपण जाऊ नका, व्हिटॅमिन सी तिथेही आकडा फुगवतं, क्रोमॅटोग्राम, म्हणजे एचपीएलसीचा आलेख, मागा. आणि लेबलवर अँटिऑक्सिडंटचे मोठे आकडे छापायच्या आधी हे बघा की अमेरिकेच्या यूएसडीएने (तिथलं कृषी खातं) 2012 मध्ये आपला ओरॅकचा (अँटिऑक्सिडंट ताकदीचीच आणखी एक टेस्ट) डेटाबेसच काढून टाकला, कारण टेस्टट्यूबमधला आकडा म्हणजे शरीरातला फायदा नव्हे. आम्ही आमच्या लेबलवरून तसला आकडा काढला तर सेल्सवाले आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.

तो स्वस्त अर्कवाला आता एक्झिबिशनमध्ये कोपऱ्यातला मोठा स्टॉल घेतो, ब्रोशरमध्ये वाक्यं आमचीच, स्पेलिंगच्या चुकांसकट.